घरत सिस्टरांचं काळं फडकं

माझ्या लग्नाच्या स्वागत समारंभाला घरत सिस्टर आल्या, आहेर दिला, आम्हा दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि कुणीतरी पुढे केलेला लिंबू सरबताचा ग्लास घेऊन माझ्या नवऱ्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. नवरा बिचारा मे महिन्यात काळ्या कोटात घामाघूम झालेला. सिस्टरांनी ग्लास त्याच्या छातीपुढे धरला, किंचित वाकल्या, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या, मान डोलावली आणि मग शांतपणे सरबत प्यायल्या. नवरा माझ्याकडे बघतोय, मी हसू दाबतेय. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "कसला गं मंत्र म्हणाल्या त्या बाई?"

"मंत्र नाही हो आई. वीसपर्यंत आकडे मोजले."

"सरबत पिताना?"

आता याला एका वाक्यात काय उत्तर देणार! घरत सिस्टर कळल्याशिवाय ते वीस आकडे कळायचे नाहीत, आणि घरत सिस्टर एका वाक्यात मावणाऱ्या नव्हेत. सासूबाईंना तेव्हा "सवय आहे त्यांची" एवढंच सांगून सुटले. आज जरा निवांत सांगते.

मी शिकून बाहेर पडले आणि अलिबागकडच्या एका दवाखान्यात कमी दिवसांच्या बाळांच्या विभागात डॉक्टर म्हणून रुजू झाले. विभाग कसला, एक लांबट खोली, सहा काचेच्या पेट्या, शेजारी औषधं मिसळायची छोटी खोली आणि खिडकीबाहेर नारळाची झाडं. दवाखान्याचे मालक म्हणजे मोठे डॉक्टर. त्यांना सगळे मोठे डॉक्टरच म्हणत. आणि या खोलीच्या मालकीण म्हणजे वत्सला घरत, हेड सिस्टर. बुटक्या, भरलेल्या अंगाच्या, नाकात चमकी, चष्म्याला काळी दोरी, आणि आवाज असा की व्हरांड्यातल्या नातेवाइकांनी आपोआप चपला काढाव्यात. पेटीपाशी मात्र तोच आवाज इतका खाली यायचा की शेजारी उभं राहूनही ऐकू येऊ नये.

मी पुण्याहून आले होते. डोक्यात हवा भरपूर. पहिल्याच दिवशी औषधं मिसळायच्या खोलीत भिंतीवर खिळ्याला टांगलेलं एक काळं फडकं दिसलं. चांगलं धुतलेलं, कडा शिवलेलं, पण छत्रीचं जुनं कापड आहे हे लगेच कळत होतं. मी नाक मुरडून म्हटलं, "हे काय लटकवलंय इथे? काढून टाका."

सिस्टरांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. "ते माझं हाय. रोज गरम पान्यातून निघतं. तुमच्या ॲप्रनपेक्षा स्वच्छ हाय."

माझ्या ॲप्रनला सकाळच्या चहाचा डाग होता. फडकं खिळ्यावरच राहिलं.

सिस्टरांचं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्या आगरी घरातलं. आजा, बाप, काका सगळे मिठावर राबलेले. लहानपणी शाळा सुटली की ही पोर वाफ्याच्या बांधावर. खाडीचं पाणी वाफ्यात घेऊन उन्हात आटवायचं, घट्ट होत आलं की दुसऱ्या वाफ्यात सोडायचं, आणि मीठ नेमकं कधी धरायला लागतं त्यावर नजर ठेवायची. ते पहिले बारीक कण धरतात त्याला त्यांच्या घरात 'फूल धरणं' म्हणत. "उभं राहून काय बी दिसत न्हाय," सिस्टर सांगायच्या. "बा माझी मान धरून खाली वाकवायचा. पान्याला डोळा लाव, आडवा बघ, आनि वीस आकडे मोज, म्हनायचा. मीठ लगेच तोंड दाखवत न्हाय."

मिठागरावरून नर्सिंगला आल्या, पण ती मान काही सरळ झाली नाही. शिरेतून द्यायची कुठलीही बाटली, कुठलीही पिशवी त्या काळ्या फडक्यापुढे धरायच्या, दोनदा उलटीसुलटी करायच्या, वाकायच्या आणि ओठ हलवत वीसपर्यंत मोजायच्या. वीस म्हणजे वीस. एकोणिसाव्या आकड्याला कुणी हाक मारली तर परत एकपासून. पुढे पुढे चहा, ताक, सरबत, सगळंच मोजलं जाऊ लागलं. चहा काळ्या फडक्यापुढे धरून काय दिसणार हे मी विचारलं, तर म्हणाल्या, "काय दिसत न्हाय. हाताला खोड लागलीय."

दुसरी खोड बोलण्याची. एकदा पेटीपाशी उभ्या राहून एका आईला त्या समजावत होत्या. "ही बाटली बघितलीस? ह्यात भात हाय. ही पांढरी, दुधासारखी, ह्यात तेल. आनि ही तिसरी, ह्यात मासळी. आपलं कसं, भात-मासळी पोटात गेली की माणूस कामाला उभा ऱ्हातो. तसंच हिचं."

आता हे जरा उलगडून सांगायला हवं. दोन-अडीच महिने आधी जन्मलेल्या बाळाचं आतडं दूध पचवायला तयार नसतं. आईचं दूध थेंबाथेंबाने सुरू करतात, पण त्यावर भागत नाही. पोटात असताना नाळेतून सगळं आयतं मिळत होतं, ते आता शिरेतून द्यायचं. साखर ताकदीसाठी, तो सिस्टरांचा भात. तेलाची बाटली खरंच तेलाची. आणि अंग बांधायला लागतात ती अमिनो ॲसिडं, म्हणजे प्रथिनांचे सुटे सुटे तुकडे. ती मासळी. नुसत्या साखरेवर बाळ जगतं, पण ते स्वतःच्याच अंगातलं मोडून मोडून दिवस काढतं. एवढंसं अंग, त्यात मोडायला असतं तरी काय!

हे सगळं मी सांगायला गेले की आयांचे डोळे विस्फारायचे. सिस्टरांनी सांगितलं की मान हलायची. मला आधी राग यायचा, मग मीही गुपचूप भात-मासळी म्हणायला लागले.

एकदा मात्र पंचाईत झाली. श्रीवर्धनकडचे एक आजोबा नातीला बघायला आले होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. सिस्टरांनी सवयीने सुरू केलं, भात, तेल, मासळी. आजोबा ताडकन उठले. "बाई, आमच्या घरात अंडं येत नाय नि तुम्ही आठ दिसाच्या पोरीला मासळी टोचताय?" सून रडायला लागली, आजोबा पेटीतून नात काढून द्या म्हणायला लागले, मी पुस्तकी भाषेत काहीतरी समजावायला गेले ते आणखीच बिघडलं.

सिस्टरांनी मला हाताने मागे सारलं. आजोबांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. "बाबा, चूक माझी. मासळी न्हाय त्यात. कारखान्यात बनवतात ते. आमच्या घरी अंग धरायला मासळी खातात म्हनून मी मासळी म्हनते. तुमच्या घरी कशानं अंग धरतं?"

आजोबांनी विचार केला. "डाळीनं."

"मग तुमच्या नातीला डाळ लावलीय."

"असं सांगा की मग आधी," म्हणून आजोबा शांत झाले. त्या दिवसापासून बाळ दाखल झालं की सिस्टर पहिला प्रश्न टाकायच्या, "घरी मासळी की डाळ?" मोठ्या डॉक्टरांना वाटलं, सिस्टर आईच्या आहाराची चौकशी करतात, फार चांगली गोष्ट आहे, आणि त्यांनी दाखल करून घ्यायच्या फॉर्मवर तसा रकानाच छापून घेतला.

मोठे डॉक्टर भला माणूस. पण त्यांच्या शिक्षणाच्या काळी कमी दिवसांच्या बाळाला पहिले तीन-चार दिवस नुसतं साखरेचं पाणी द्यायची रीत होती. अमिनो नंतर, तेही घाबरत घाबरत. मी आल्या आल्या त्यांच्या टेबलावर नव्या संशोधनाचे कागद नेऊन ठेवले की आता पहिल्या दिवसापासून देतात. त्यांनी ते नीट वाचले आणि खणात ठेवले. "यकृत कोवळं, मूत्रपिंडं कोवळी. अमिनोचा कचरा बाहेर गेला नाही, रक्तात युरिया चढला तर? पुण्याचं ठीक आहे, तिथे तासाला रक्त तपासतात."

मी तोंड फुगवून खाली आले. सिस्टर टोपी विणत बसल्या होत्या. हो, टोप्या सांगायच्या राहिल्याच. कुणाकुणाकडून उरलीसुरली लोकर आणून सिस्टर प्रत्येक बाळाला पहिल्या दिवशी नेमक्या मापाची टोपी विणायच्या. लिंबाएवढ्या टोप्या त्या! आणि रोज सकाळी टोपीच्या कडेत करंगळी घालून बघायच्या. करंगळी सहज गेली की चेहरा उतरायचा. करंगळी अडली की दिवसभर गुणगुणणं. मी मोजपट्टीने डोकं मोजायचे, त्यांचा पट्टीवर विश्वास नव्हता असं नाही, पण करंगळीवर जास्त होता.

"कागदानं न्हाय ऐकलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बघू," म्हणाल्या आणि विणत राहिल्या.

काही दिवसांनी मोठे डॉक्टर फेरीला आले तेव्हा सिस्टरांनी त्यांच्यासमोर दोन टोप्या ठेवल्या. एक आमच्याकडे जन्मलेल्या बाळाची, एक मुंबईहून जन्मानंतर दहाव्या दिवशी आमच्याकडे पाठवलेल्या बाळाची. दोघांचं जन्माचं वजन जवळजवळ सारखं, जन्माच्या वेळची डोक्याची मापंही सारखी. मुंबईच्या बाळाला पहिल्या दिवसापासून अमिनो मिळालं होतं. सिस्टरांनी आमच्या बाळाची टोपी मुंबईच्या बाळाच्या डोक्यावर घालून दाखवली. ती कपाळावरच अडली. आमच्या बाळाच्या डोक्यावर ती दहाव्या दिवशीही फिरत होती.

"वत्सलाबाई, दोन पोरांवरून काही ठरत नसतं," मोठे डॉक्टर म्हणाले. आणि त्यांचं बरोबरच होतं.

"ठरत न्हाय सर. पन बघायला तर लागूया. पुढच्या पोराला पयल्या दिवसापासून देऊ. रक्त रोज तपासू. युरिया चढला तर तुम्ही म्हनाल तेव्हा बंद."

मोठे डॉक्टर बराच वेळ ती टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "एका बाळाला. आणि गडबड झाली तर परत हा विषय नाही."

सिस्टर एवढ्या हट्टाला का पेटल्या होत्या ते मला नंतर कळलं. दुपारी डबा खाताना एकदाच बोलल्या. थोरल्या बहिणीला सातव्या महिन्यात मुलगा झाला होता, घरीच. कापसात गुंडाळून ठेवला, बोटाने साखरेचं पाणी चाटवलं. अकरा दिवस जगला. "रोज त्याचं कातडं ढिलं होत गेलं बाय. मी मांडीवर घेऊन बसायची. साखरपानी गोड लागतं म्हनून चोखायचा बिचारा." एवढं बोलून त्यांनी डबा धुवायला नेला. मला त्या दिवशी त्यांची फार माया वाटली.

आणि 'पुढचं बाळ' म्हणून आली ती पल्लवीची मुलगी.

पल्लवी दिवेआगरची लेक, सासर पेणजवळ. नवरा नीलेश ट्रेलर चालवायचा. याआधी दोनदा सहाव्या महिन्यात सगळं संपलेलं. ही तिसरी खेप, आणि मुलगी अडीच महिने आधी आलेली, वजन किलोच्याही आत. पल्लवीला चाकाच्या खुर्चीवरून पेटीपाशी आणलं तर तिने काचेला हातही लावला नाही. जणू हात लावला तर ही पण जाईल. सिस्टरांना एवढंच विचारलं, "जगंल ना?"

सिस्टर खोटं बोलत नसत. "आज जगलीय. उद्याचं उद्या बघू. घरी मासळी की डाळ?"

पल्लवीला रडता रडता हसू आलं. "मासळी."

मग सुरू झालं. पहिल्या दिवसापासून अमिनो. युरिया मोठे डॉक्टर स्वतः दोनदा बघायचे. मी आणि सिस्टर दोघी देव पाण्यात घालून बसलेलो. दुसऱ्याच दिवशी पहिलं विघ्न आलं. लहान बाळांसाठीच्या अमिनोच्या बाटल्या संपत आल्या, आणि पुरवठादाराचा माणूस मोठ्यांसाठीच्या बाटल्या घेऊन आला. नाव तसंच, बाटली तशीच. मी वैतागून म्हटलं, "दोन दिवस चालवून घेऊ."

"चालवून न्हाय घ्यायचं," सिस्टर म्हणाल्या. "ही मोठ्यांची. हिला काटे हायत."

खरंच होतं ते. मोठं माणूस काही अमिनो ॲसिडं स्वतःच्या शरीरात बनवून घेतं, आणि जास्तीची सहज मोडून टाकतं. एवढ्याशा बाळाला यातलं नीट जमत नाही. काही त्याला आयती लागतात, काही बेताचीच चालतात. म्हणून त्यांची बाटली वेगळी. मला हे पाठ होतं, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, आणि ऐन वेळी मीच "चालवून घेऊ" म्हणाले होते! सिस्टरांनी परीक्षा दिली नव्हती. पण आपण पोराला काटे काढून देतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

योग्य बाटल्या पनवेलला मिळत होत्या. नीलेश बाहेर बाकावर बसून होता. सिस्टरांनी त्याला हाक मारली, "तुझी गाडी कुठाय?"

"बाहेर रस्त्यावर हाय. कंटेनर उतरवून तसाच आलोय."

"मग जा पनवेलला."

आणि तो गेला. अख्खा मोकळा ट्रेलर घेऊन. संध्याकाळी परत आला तेव्हा गल्लीत वळेना म्हणून नाक्यावर लावून पळत आला. चार बाटल्यांचा खोका त्याने शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला होता. "एवढं जपून माल मी कधी आनला न्हाय सिस्टर," म्हणाला. सिस्टरांनी चारही बाटल्या एकेक करून फडक्यापुढे धरल्या, मोजल्या, आणि मगच त्याला म्हणाल्या, "आता जा, जेव काहीतरी."

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हातून जे झालं ते सांगायला आजही जीभ अडखळते.

रोजची पिशवी मी तयार करायचे आणि सिस्टर शेजारी उभ्या राहून क्रम मोठ्याने वाचायच्या. आधी साखर, मग अमिनो, मग फॉस्फेट, हलवायचं, बाकीचे क्षार, परत हलवायचं, आणि सगळ्यात शेवटी कॅल्शियम. कॅल्शियम आणि फॉस्फेट ही भांडकुदळ जोडी. थोड्या पाण्यात समोरासमोर आली की लगेच खडा धरतात. अमिनो मध्ये असलं, पाणी पुरेसं असलं, तर निमूट राहतात. त्या दिवशी सिस्टर दुसऱ्या पेटीपाशी अडकल्या होत्या. मला घाई होती. क्रम काय, तोंडपाठ आहे, असं म्हणत मी एकटीनेच सुरू केलं. मध्येच दाराशी कुणी काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, आणि साखरेच्या थोड्याशा पाण्यात फॉस्फेटपाठोपाठ कॅल्शियम टाकून मोकळी झाले. अमिनो नंतर. पिशवी हलवली, उजेडाकडे धरून बघितली. काचेसारखी स्वच्छ.

सिस्टर हात पुसत आल्या. पिशवी घेतली, फडक्यापुढे धरली, दोनदा उलटी केली, वाकल्या. ओठ हलायला लागले. मला खरं तर कंटाळा आला होता. आठ, नऊ, दहा. चौदाला ओठ थांबले.

"बाय, फूल धरलंय."

"कुठे? स्वच्छ तर आहे!"

त्यांनी माझा खांदा धरून मला खाली दाबलं, अगदी त्यांच्या बापाने त्यांना दाबलं असेल तसं. "उभ्यानं न्हाय दिसत. डोळा लाव. आडवा बघ."

मी वाकले. पिशवीच्या खालच्या कडेला, काळ्या कापडावर, अगदी बारीक पांढरी धूळ हळूहळू खाली बसत होती. मिठासारखी. ती धूळ त्या पोरीच्या शिरेतून थेट फुप्फुसात गेली असती.  मी तिथेच स्टुलावर बसले.

सिस्टर ओरडल्या नाहीत. पिशवीवर लाल पेनाने फुली मारून ती बाजूला ठेवली. "उठा. नवीन करायची हाय. मी वाचते."

मी केली. त्या प्रत्येक पायरीला "सावकाश" म्हणत होत्या. या वेळी वीस आकडे दोनदा मोजले, एकदा त्यांनी आणि एकदा मी. पिशवी लागली. पोरगी पेटीत निवांत झोपलेली, तिला काय पत्ता.

मग सिस्टर म्हणाल्या, "आता वर जाऊन मोठ्या डॉक्टरांना सांगा."

मी म्हणाले, "सिस्टर, काही झालं तर नाही ना. आणि त्यांनी अमिनोच बंद करायला सांगितलं तर? एवढ्या मुश्किलीने..."

"झालं न्हाय म्हनून तर सांगायला सोपं हाय," त्या म्हणाल्या. "झाल्यावर सांगायला कसं लागतं ते मला विचारा. आनि पल्लवीलाबी सांगायचं."

त्या पोरीच्या बाटलीसाठी त्या मोठ्या डॉक्टरांशी भांडल्या होत्या. सांगितलं तर तीच बाटली जाण्याची भीती त्यांनाही होती, त्यांच्या तोंडावर दिसत होती. तरी त्या दारात उभ्या राहिल्या, मी जिना चढेपर्यंत.

मी सगळं सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. मला वाटलं, संपलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी पकडलं?"

"घरत सिस्टरांनी."

ते उठले आणि खाली आले. फुली मारलेली पिशवी हातात घेऊन फडक्यापुढे उभे राहिले. काही दिसेना. सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, खाली वाका." मोठे डॉक्टर वाकले, गुडघे कटकट वाजले, आणि बराच वेळ ते तसेच राहिले. उठले तेव्हा म्हणाले, "उद्यापासून प्रत्येकाने अशीच बघायची. आणि क्रम वाचणारा शेजारी नसेल तर पिशवी बनणार नाही." अमिनोबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. दाराशी जाऊन मागे वळले. "आजचा युरिया ठीक आहे. चालू राहू दे."

सिस्टरांनी चष्मा काढून पदराने पुसला. युनिफॉर्मला पदर नव्हता, हे पुसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पदर पल्लवीचा होता; ती कधी आत येऊन शेजारी उभी राहिली ते कळलंच नव्हतं.

तिला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता जी लावलीय ती बरोबर हाय ना?"

"सिस्टरांनी बघितलीय. मीही बघितली."

"मला पन दाखवत जा," ती म्हणाली. "रोज." आणि तिथून पुढे रोज तयार पिशवी फडक्यापुढे धरली की काचेच्या दारापलीकडे टाके सांभाळत पल्लवी वाकायची आणि आमच्याबरोबर मोजायची. तिने मला माफ केलं की नाही हे मी कधी विचारलं नाही. पण आकडे मात्र तिने एकदाही चुकवले नाहीत.

पंधरवडा होत आला असेल. सकाळी मी आले तर घरत सिस्टर गुणगुणत होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी माझी करंगळी धरली आणि पोरीच्या टोपीच्या कडेला लावली. करंगळी अडली. "उसवायला लागनार," त्या म्हणाल्या, आणि तोंडभर हसल्या. मग हसता हसता रडल्या, आणि मीही. पल्लवीला बोलावलं. तिने पहिल्यांदा पेटीच्या खिडकीतून हात आत घातला आणि स्वतःच्या करंगळीने बघितलं.

दूध वाढत गेलं, शिरेतली मासळी कमी होत गेली, एक दिवस थांबली. पोरगी घरी गेली त्या दिवशी नीलेशने पुन्हा अख्खा ट्रेलर आणला होता, त्याला सिस्टरांनी असं झापलं की तो मुकाट रिक्षा घेऊन आला. मुलीचं नाव वत्सला ठेवायचं म्हणत होते दोघं. "खबरदार! एवढं जुनाट नाव घेऊन पोर शाळेत कशी जाईल?" असं म्हणून सिस्टरांनी ते हाणून पाडलं. मग ओवी ठेवलं.

त्यानंतर आमच्याकडे पहिल्या दिवसापासून अमिनो हीच रीत झाली. मोठे डॉक्टर नवीन येणाऱ्या डॉक्टरांना ते कागद खणातून काढून द्यायचे, जणू त्यांनीच शोधून आणले होते. सिस्टर निवृत्त झाल्या. मी लग्न होऊन मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गेले. तिथे पिशव्या यंत्र भरतं, क्रम चुकत नाही. तरी मी लावायच्या आधी पिशवी काळ्या कापडापुढे धरते. नवीन पोरं एकमेकांना कोपर मारतात. मारू देत.

सिस्टरांना शेवटचं पाहिलं ते दिघीच्या धक्क्यावर, मागच्या वर्षी. मी आगरदांड्याला जायला बोटीची वाट बघत होते. पलीकडून बोट लागली, गाड्या उतरल्या, आणि माणसांच्या घोळक्यात काळी छत्री घेतलेल्या घरत सिस्टर दिसल्या. थकलेल्या, पण चाल तीच. सोबत पल्लवी, आणि पल्लवीचा हात सोडून पुढे पळणारी, दोन वेण्यांची सहा-सात वर्षांची मुलगी. दिवेआगरला पल्लवीच्या माहेरी निघाल्या होत्या तिघी.

"डॉक्टरबाई!" सिस्टरांनी धक्क्यावरूनच हाक मारली. जवळ आल्यावर माझा हात धरला, आधी ॲप्रन असतो तिथे डाग आहे का बघितल्यासारखं बघितलं आणि म्हणाल्या, "अजून वाकून बघता ना?"

"बघते हो."

"वीस?"

"वीस."

"मग बरं," म्हणाल्या. बोलायला खूप होतं, पण बोटीचा भोंगा झाला आणि मला चढावं लागलं.

बोट सुटली तशी मी कठड्याशी येऊन उभी राहिले. धक्क्यावरच्या टपरीतून पल्लवीने सरबताची बाटली घेतली होती. सिस्टर दगडावर टेकल्या होत्या, उन्हाने दमलेल्या, आणि त्यांनी बाटलीसाठी हात पुढे केला. ओवीने तो हात बाजूला सारला. सिस्टरांची काळी छत्री घेऊन ती उघडी दगडाला टेकवली, बाटली तिच्यापुढे धरली, दोनदा उलटी केली, आणि उकिडवी बसून, मान खाली घालून आडवं बघायला लागली. तिचे ओठ हलताना मला तेवढ्या लांबूनही दिसत होते. सिस्टर तहानलेल्या होत्या, तरी हात मांडीवर ठेवून थांबून राहिल्या.

बोटीवर मीही मोजत होते. वीस झाले, आणि ओवीने बाटली सिस्टरांच्या हातात दिली.